लताकियाचा काळा धूर

इंग्लिश पद्धतीच्या पाइप-तंबाखूला विझत्या शेकोटीसारखा जो वास येतो, तो लताकिया नावाच्या तंबाखूच्या पानांचा. सीरियातल्या त्याच नावाच्या बंदरावरून हे नाव पडलं. आता ही पानं मुख्यतः सायप्रसमधून येतात. उन्हात वाळवलेली पानं बंद कोठीत टांगायची आणि खाली सुगंधी लाकडं, झुडपं धुमसत ठेवायची. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायाकॉलसारखी फिनॉल-संयुगं सुटतात. ती पानात मुरतात, पान काळंकुट्ट होतं. किती चिवट वास हा! मिश्रणात लताकिया थोडाच असला तरी तोच पुढे येतो. पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. मिश्रणात लताकियाच्या जोडीला असलेल्या व्हर्जिनिया पानात साखर भरपूर, म्हणून गोडवा. पण घाईने झुरके मारले की धूर तापतो आणि जीभ पोळते.