तार टेकते तिथे

आमच्या मोताळा गावात वरात वळणावर दिसायच्या आधीच बेंजो कानावर येतो. गाडीवरच्या कर्ण्यांतून तारेचा धारदार सूर निघतो आणि गल्लीतली पोरे चपला शोधायला धावतात. जवळ जाऊन पाहावे, तर एवढ्या आवाजाचा धनी म्हणजे आडवी ठेवलेली एक लाकडी पेटी. तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणे, खाली पोलादी तारा आणि वाजवणाऱ्याच्या एका हातात नखी.

ही पेटी मूळची जपानची. नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ती घडवली. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचे नाव पडले ताइशोगोतो. आपल्याकडे आल्यावर ती बुलबुल तरंग झाली, बलुचिस्तानात बेंजू झाली आणि महाराष्ट्रातल्या मिरवणुकांत बेंजो. अमेरिकेतल्या बँजोशी तिचे नाते नावापुरतेच. मुंबईच्या बेंजो पार्ट्यांवर रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा हे वाद्य पडद्यावर नायकाच्या हाती आले.

आतली रचना साधी आहे. बटण दाबले की त्याची पट्टी तारेला पितळी पडद्यावर, म्हणजे खालच्या आडव्या सळीवर, टेकवते. तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. बटण सोडले की स्प्रिंग पट्टीला वर उचलते. कस लागतो तो पडद्यांच्या जागेत. घोडीपर्यंत, म्हणजे तार पलीकडच्या टोकाला टेकते तिथपर्यंत, उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचे आणि येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा बसवायचा. असे बारा वेळा केले की तार निम्मी होते, सप्तक पुरे होते. साठ सेंटिमीटरच्या तारेवर बारावा पडदा एक मिलिमीटर सरकला, तर सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे सतराव्या भागाने हलतो. त्यावरच्या सप्तकाच्या शेवटी तेवढीच चूक दुप्पट होते. सतारवादक तार खेचून सूर सावरू शकतो. बेंजोवाल्याचे डावे बोट तारेला लागतच नाही. म्हणून पडदे बसवणाऱ्या कारागिराचा हात त्या पेटीत जन्मभर ऐकू येतो.

आवाज मोठा होतो तो पिकअपमुळे. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढेच ते यंत्र. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत सूक्ष्म वीज उमटते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिला वाढवतो. तांब्याची किंवा नायलॉनची तार इथे मुकीच राहील. असाच पिकअप असलेली, बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२ची रिकनबॅकर, हीसुद्धा मांडीवर आडवी ठेवूनच वाजवायची होती आणि तिचे अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे होते. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत नेथन डॅनियल यांनी डॅनइलेक्ट्रो गिटारी काढल्या. लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड आणि पिकअपला लिपस्टिकच्या नळीचे आवरण, असा त्यांचा थाट. गरिबाच्या खिशाला परवडणाऱ्या त्या गिटारी आज लोक हौसेने शोधून घेतात.

माझ्याकडेही एक जुनी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे. अंग प्लायवूडचे, वर लाल रंगाचा जाड थर. प्लायवूडने मला कधी दगा दिला नाही. दगा दिला मानेने. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तारांच्या ओढीने ती वाकली आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या की बोटे सोलून निघत. बेंजोला मानच नाही. तारांची सारी ओढ पेटीचा सपाट तळ झेलतो. स्वस्तात टिकाऊ वाद्य करायचे तर यापेक्षा शहाणी रचना मला माहीत नाही.

एकदा गिटारचा पिकअप मुका झाला. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्या एका कारागिराकडे मी तो नेला. त्यांनी आधी मीटर लावला. काटा हलला नाही. मग भिंग डोळ्याशी धरून, सुईच्या टोकाने बाहेरचा वेढा उचलला. तार आतून धडधाकट होती, फक्त बाहेर येणारे टोक गंजून तुटले होते. त्यांनी त्या टोकावरचे इनॅमल खरवडले, सोल्डरचा डाग दिला आणि काटा हलला. “मोटार काय न् हे काय, तांबं तेच,” ते म्हणाले. पंपाच्या आणि गाण्याच्या तांब्याला जोडणारे ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

म्हणून कुणी जुनी गिटार किंवा बेंजो घ्यायला निघाले की मी सांगतो, रंग आणि सनमायका नंतर पाहा. आधी तार जिथे टेकते ते पाहा. पडद्यांवर खाचा किती खोल गेल्या आहेत, घोडी हलते का, खुंटी ताण धरते की सुटते. लाकूड साधे असले तरी चालते, या तीन जागा पक्क्या हव्यात. आणि झाकणाला स्क्रू आहेत ना, तेही पाहा. डिंकाने कायमची बंद केलेली वस्तू बिघडली की भंगारात जाते. स्क्रूची वस्तू पुन्हा उघडता येते.

बेंजोवाले हे न सांगता जाणतात. लग्नसराईच्या तोंडावर पेटी उघडायची, पावसाळ्यात गंजलेल्या तारा काढायच्या, पट्ट्यांच्या सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा, ढिल्या स्प्रिंगा बदलायच्या. मग एकेक बटण दाबून, कान लावून ऐकायचे. आता बऱ्याच वरातींपुढे डीजे असतो आणि या पेट्या माळ्यावर चढतात. घरात अशी एखादी पेटी पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा झाकण उघडा. बहुतेक वेळा एक तार, एक थेंब तेल आणि एक डाग, एवढ्याचीच ती वाट पाहत असते.