साडेसात किलोमीटर सूत, चमचाभर शाई

टी-शर्ट अंगात घालताना त्यातलं सूत कुणी मोजत नाही, पण एकदा मोजावंच. उन्हाळ्यात घालायच्या हलक्या टी-शर्टला तीस नंबरचं सूत लागतं. तीस नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या तीस लड्या. मांडा हिशेब: ४५४ ग्रॅममध्ये २३ किलोमीटर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या टी-शर्टमध्ये साडेसात. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या वेशीत सुताचं टोक बांधून जिंतूरच्या रस्त्याला पायी लागलात, तर ते संपेपर्यंत दीड तास सहज जाईल. एवढा पल्ला आपण छातीपोटावर गुंडाळून चहाच्या टपरीवर उभे असतो.

शर्टाच्या कापडात ताणा-बाणा असतो, उभे धागे आणि आडवे धागे. टी-शर्टच्या कापडात तसलं काही नसतं. तिथे सुताचा एक फास दुसऱ्या फासातून ओवलेला असतो, लाखो वेळा. ओढलं की फास लांबतात, सोडलं की पुन्हा गोल होतात, म्हणून टी-शर्ट ताणला जातो आणि पुन्हा अंगाबरोबर बसतो. हे कापड गोल यंत्रावर नळीसारखं विणून उतरतं. काही टी-शर्टांना बाजूची शिवण नसते, कारण ती नळी तशीच वापरलेली असते.

चारठाण्यातल्या कुणाला टी-शर्टचा छोटा धंदा काढायचा असेल, तर या कपड्याचा कच्चा माल गावाच्या शिवारातच उभा असतो. क्विंटलभर कापसातून ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूतकताईतली आणि कटिंगमधली घट सोडली, तरी त्या क्विंटलात सव्वाशे टी-शर्ट बसावेत. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे एका टी-शर्टमागे शेतकऱ्याच्या वाट्याचा कापूस पासष्टेक रुपयांचा, आणि त्यात सरकीही आली.

पुढे रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. मराठवाड्यातल्या कितीतरी गाठी तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत जातात. तिथलं तिरुपूर म्हणजे होजियरीची पंढरीच. भारतातून परदेशी जाणाऱ्या विणमालातला निम्म्याहून अधिक माल या एका भागातला. तिथून कोरे टी-शर्ट खोक्यांत भरून देशभर सुटतात, जिंतुरातही आणि चारठाण्यातही येतात. कापूस गेला त्याच दिशेकडून कपडा परत येतो. जाताना क्विंटलवर मोजला होता, येताना नगावर.

परभणीचा यात आणखी एक हात आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. देशी गावरान कापूस काटक, पाण्याची ओढ सोसणारा, पण आखूड धाग्याचा. त्याचं जाडंभरडंच सूत निघायचं. परभणीच्या महेबूब बाग कापूस संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी याच देशी कापसातून लांब धाग्याचे वाण काढले. पीए २५५ म्हणजे ‘परभणी तुराब’ हा त्यातला एक. गावरान झाडाला गिरणीच्या तोलाचा धागा आणून देणं ही मला तरी चंद्रावर यान उतरवण्याच्या जवळपासची गोष्ट वाटते.

आता धंद्याचं. सूतगिरणी काही चारठाण्यात निघणार नाही, गोल यंत्रही नाही. निघू शकते ती छपाई, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं तेही छातीवरच्या त्या चमचाभर शाईसाठी. साडेसात किलोमीटर सूत कुणाच्या खिजगणतीतही नसतं.

स्क्रीन प्रिंटिंगची जादू जवळून बघण्यासारखी आहे. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवतात, अंधाऱ्या खोलीत तिच्यावर प्रकाशाला भिणारं रसायन फासतात आणि वाळवतात. वर काळ्या अक्षरांची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. मोठा दिवा नसेल तर उन्हात धरायची, आणि उन्हाला मराठवाड्यात तोटा नाही. उजेड लागला तिथे रसायन घट्ट होतं, अक्षराखाली झाकलेलं मऊ राहतं. पाण्याचा फवारा मारला की मऊ भाग धुऊन जातो आणि जाळीत अक्षर मोकळं होतं. मग शाई ओतून रबरी पट्टीने ओढायची. प्लास्टिसॉल नावाची शाई तर डब्यात उघडी राहिली तरी वाळत नाही, पण १६० अंशांच्या आसपास तापवली की मिनिटभरात कायमची बसते.

सब्लिमेशन त्याहून अजब. त्यातली शाई उष्णतेने द्रव न होता थेट वायू बनते आणि पॉलिस्टरच्या तंतूत शिरते. म्हणून कबड्डी संघाच्या जर्सीवरची छपाई हाताला लागतच नाही. सुती कपड्यावर मात्र ती टिकत नाही. सुती आणि एकच नग हवा असेल, तर डीटीएफ: फिल्मवर छापायचं, गोंदाची पूड भुरभुरवायची आणि प्रेसखाली दाबायचं. जाळी एका टी-शर्टसाठी बनवा की शंभरासाठी, मेहनत तेवढीच. त्यामुळे पन्नासाची ऑर्डर जाळीवर घ्यावी आणि वाढदिवसाचा एकच नग डीटीएफवर.

देवनागरीचे नखरे वेगळे. ‘चारठाणा’ हेच नाव खिशावर बारीक छापून बघा: ‘ठ’चा डोळा शाईने भरतो आणि तिथे काळा गोळा उरतो. जाड अक्षर घेतलं तर आतली मोकळी जागाही मोठी हवी. श्रीलिपीत टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. पाठवण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून घ्यावं. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यालाही चालतात. फुगलेला ‘मोदक’ तर टी-शर्टसाठीच जन्मला असावा.

चित्र मात्र नेटवरून उचलू नये. चित्रकाराच्या पश्चात ६० वर्षं हक्क राहतो, आणि महाराजांचं गाजलेलं चित्रही कुणाचं तरी असतं. गावात काय कमी आहे? गोकुळेश्वराचं मंदिर आहे, कोरीव स्तंभ आहे, बारव आहे. बारवेच्या पायऱ्या म्हणजे सावली-उजेडाचे सरळ पट्टे, एका रंगात छापायला याहून सोपं आणि देखणं काय मिळणार?

नवख्याचा पैसा अडकतो तो कोऱ्या मालात. पाच मापं आणि चार रंग म्हटले की वीस गठ्ठे झाले, आणि मागणी येते नेमकी एकविसाव्याची. त्यापेक्षा आगाऊ रक्कम आणि मापांची यादी घेऊनच माल मागवावा. गणेश मंडळं, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, क्रिकेटचे सामने हे ठरलेले हंगाम. अलीकडे त्यात दहावीच्या जुन्या बॅचांचे स्नेहमेळावे आले आहेत. एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर शाळेचं नाव आणि साल. ही ऑर्डर सगळ्यात गोड, पैसे रोख आणि घासाघीस नाही. फक्त यादी हातात आली की आधी डबल एक्सएलचा रकाना बघायचा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये एम कुणी मागत नाही.