कधीही ताप न आलेला पेशंट

डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला कम्युनिटी फार्मसीच्या प्रॅक्टिकलमध्ये पेशंटशी बोलायला शिकावं लागतं. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने फार्मासिस्ट. अडचण अशी की पेशंट झालेल्या मित्रानेही तेच जर्नल लिहिलेलं असतं. पुढचा प्रश्न कोणता हे त्याला ठाऊक असतं, आणि उत्तर तो प्रश्नाआधीच देऊन टाकतो. खरा पेशंट असं कधीच करत नाही.

भंडारा जिल्ह्यात वरठीला, साकोलीला फार्मसी कॉलेजं आहेत. समजा, तिथल्या एखाद्या मुलीने परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर चॅटजीपीटी उघडलं आणि लिहिलं: ‘तू साठीची बाई आहेस. लाखांदूर तालुक्यात तुझी धानाची शेती आहे. काल हत्तीरोगाच्या गोळ्या उपाशीपोटी खाल्ल्यास आणि रात्री ताप आला. मी औषधाच्या दुकानात आहे. मी विचारल्याशिवाय तक्रारीपलीकडे काही सांगू नकोस.’ पुढच्याच क्षणी उत्तर येतं: ‘बाळा, तुमच्या त्या गोळ्यांनी मला आजारी पाडलं. मी आता परत घेणार नाही.’ ज्याला शरीर नाही, ज्याला कधी ताप आलेला नाही, ते यंत्र रागावलेली आजी होऊन बोलू लागतं. हे मला अजूनही थक्क करतं.

या थक्क करणाऱ्या गोष्टीला साठ वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये धडधाकट माणसांना आजाराचं सोंग शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. 1966 मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संगणकी संवादक जगापुढे मांडला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखे प्रश्न विचारायचा. आणि 1972 मध्ये केनेथ कोल्बी यांनी स्टॅनफर्डमध्ये उलट बाजू उभी केली: ‘पॅरी’ नावाचा, सतत संशयाने ग्रासलेला रुग्ण. त्याच्या मुलाखतींचे कागद खऱ्या रुग्णांच्या मुलाखतींसोबत मानसोपचारतज्ज्ञांना दिले, तेव्हा यंत्र कोणतं आणि माणूस कोण, हे त्यांना खात्रीने ओळखता आलं नाही. ठराविक मिनिटांची टेबलं लावून प्रत्येक टेबलावर वेगळं कौशल्य तपासणारी परीक्षा स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी मांडली ती 1975 मध्ये. म्हणजे यंत्रातला पेशंट त्या परीक्षेहूनही वयाने मोठा!

पॅरीचे नियम माणसांनी एकेक करून लिहिले होते. आजच्या यंत्राला कुणी आजीचे नियम लिहून दिलेले नाहीत. ते अफाट मजकूर वाचून मुख्यतः एकच काम शिकलं आहे: आतापर्यंतचं बोलणं पाहून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधणं. 2017 मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या रचनेमुळे हा अंदाज बांधताना ते आधीच्या प्रत्येक शब्दाचं वजन लक्षात घेऊ शकतं. त्यामुळे ‘विचारल्याशिवाय सांगू नकोस’ हे एक वाक्य पुढच्या सगळ्या उत्तरांवर असर करतं. आजी उपाशीपोटी गोळ्या खाल्ल्याचं लपवते, कारण अजून कुणी ते विचारलेलं नाही.

आता कसोटी विद्यार्थिनीची. हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या देतात, काही भागांत आयव्हरमेक्टिनही. डीईसीच्या शोधामागे लेडर्ले प्रयोगशाळेतले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची चमू होती. हे औषध रक्तातल्या सूक्ष्म जंतांवर घाला घालतं. हे जंत रात्री रक्तात उतरतात, म्हणून तर आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेतात. जंत मरू लागले की शरीर खवळतं आणि ताप, डोकेदुखी, चक्कर येऊ शकते. म्हणजे ज्या तापाने आजी चिडली, तो बहुधा औषध लागू पडल्याची खूण. पण एवढं सांगून भागत नाही. ताप किती वेळ होता, अंगावर पुरळ आली का, दम लागतो का, काही खाल्लं होतं का, हे विचारावं लागतं. त्रास जास्त असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं लागतं. हे प्रश्न सुचले नाहीत तर ते तिथल्या तिथे कळतं, आणि पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारलं तरी ही आजी कंटाळत नाही.

मात्र याच यंत्राला मात्रा विचारली की मला धास्ती वाटते. अंदाज बांधणारं यंत्र चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे सांगतं. डीईसी 2 ते 5 वर्षांच्या मुलाला 100 मिलिग्रॅम, 6 ते 14 वयाला 200, त्यापुढे 300; दोन वर्षांखालचं बाळ, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना नाही. असे आकडे पुस्तकातून, नॅशनल फॉर्म्युलरीतून पक्के करावेत. यंत्राला पेशंट करावं, परीक्षक करू नये, असं माझं मत आहे. आणि काही कौशल्यं तर हातांचीच असतात: इनहेलर हलवून, श्वास सोडून, तो दाबतानाच श्वास सावकाश आत ओढून दहा मोजेपर्यंत रोखायचा, हे बोलून येत नाही. त्याला कॉलेजातला डमी इनहेलरच लागतो.

यंत्राची आजी पाठ्यपुस्तकी मराठी बोलते, हा तिचा मोठा उणेपणा. भंडाऱ्याच्या खेड्यांत झाडीबोली चालते. तिथे ‘ळ’चा ‘र’ होतो आणि गोळी ‘गोरी’ होते. पण हे विद्यार्थिनीला घरूनच येतं. तिने दहा-बारा वाक्यं लिहून दिली, तर त्या संवादापुरती यंत्राची आजीही तसं बोलू पाहते. मग तिला गावही शिकवता येतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाया पहाटेच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरतात आणि शिदोरी कधी सोडतील याचा नेम नसतो, एवढं सांगितलं की मधुमेहाची गोळी घ्यायला आलेली यंत्रातली बाई म्हणते, ‘जेवल्यावर म्हन्ता, पन मी जेवतो कवा, तेच ठाव नाई.’ चिठ्ठीवरचं ‘जेवणानंतर’ इथे पुरत नाही. चिखलातल्या दिवसात ही गोळी नेमकी कुठे बसवायची, ते आता तिच्याशी बोलून ठरवावं लागतं.