नेत्रभिंगांतील सूक्ष्म दारें

डोळ्याच्या बाहुलीमागें असलेलें भिंग स्वच्छ राहावें म्हणून निसर्गानें मोठी विलक्षण योजना केली आहे. शरीराच्या बहुतेक भागांचें पोषण रक्तवाहिन्यांतून होतें. परंतु भिंगांत त्या असत्या तर प्रकाशाची वाट अडली असती. म्हणून तेथें त्या नाहींत. इतकेंच नव्हे, तर भिंगाचे तंतु, म्हणजे त्याच्या लांबट पेशी, पक्व होतांना आपलें केंद्रकहि टाकून देतात. मग अशा पेशींना नवें प्रथिन घडवितां येत नाहीं. आधीं घडलेल्या ठेवीवर त्यांना पुढें आयुष्यभर निर्वाह करावा लागतो.

हा निर्वाह शेजारधर्मानें चालतो. कनेक्झिन नांवाचीं सहा प्रथिनें एकत्र येऊन अर्धी नळी होते. शेजारच्या पेशीची अर्धी नळी तिला जुळली कीं दोन पेशींमध्यें एक दार तयार होतें. त्यांतून क्षार व लहान रेणु ये-जा करतात. भिंगाच्या तंतूंत मुख्यतः कनेक्झिन ४६ व कनेक्झिन ५० आढळतात.

या दारांवर विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, देखरेख असते. कायनेज जातीचीं विकरें कनेक्झिनाला फॉस्फेट जोडतात. त्यामुळें दार कमीअधिक उघडतें अथवा मिटतें. दुसरा प्रकार छाटणीचा. कॅल्शियमवर चालणारें कॅल्पेन हें विकर पेशीच्या आंत लोंबणारी कनेक्झिन ५० ची शेपटी तोडतें. मेंढीच्या भिंगांत या प्रथिनाचें मोजलेलें वजन त्यामुळें सुमारें ७० हजार डाल्टनांवरून ३८ हजारांवर येतें. कोंबडीच्या भिंगांत अशीच छाटणी कॅस्पेज-३ करतें.

ही मोडतोड कशाला, असें कोणालाहि वाटेल. परंतु भिंगाच्या गाभ्यांत प्राणवायु कमी पोंचतो, लॅक्टिक आम्ल सांचतें, आणि अखंड कनेक्झिनाचें दार आम्लतेनें मिटतें. मेंढीच्या कनेक्झिनावरील, १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत छाटलेलें दार आम्लांतहि उघडें राहिलें. सर्व प्राण्यांत हा परिणाम सारखाच दिसलेला नाहीं. तरी गाभ्यापर्यंत वाट मोकळी राहण्यास या छाटणीचा उपयोग होत असावा, असें त्यावरून अनुमान निघतें.

मात्र हीच कात्री अवेळीं चालली तर घात होतो. भिंगांत कॅल्शियम प्रमाणाबाहेर शिरलें तर कॅल्पेन इतर प्रथिनेंहि तोडतें व भिंग गढूळ होतें, असें उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत आढळलें आहे. दारेंच नसतील तरी तोच प्रकार: कनेक्झिन ४६ नसलेल्या उंदरांना मोतीबिंदू होतो, हें १९९७ मध्यें सिद्ध झालें, कनेक्झिन ५० नसेल तर डोळाहि लहान राहतो, हें १९९८ मध्यें दिसलें. मनुष्यांतहि या प्रथिनांच्या जन्मजात दोषानें बालकांना मोतीबिंदू होतो. म्हणून तान्ह्या मुलाच्या बाहुलींत पांढरेपणा दिसतांच त्याला विनाविलंब नेत्रवैद्याकडे न्यावें. त्या वयांत प्रकाश फार काळ अडला, तर पुढें भिंग काढूनहि दृष्टि पुरती येत नाहीं.