चेंडू पोहोचला, रॅकेट नाही

आमच्या गृहसंकुलात एक टेनिस कोर्ट आहे. निवृत्तीनंतर मी गाझियाबादच्या ज्या पट्ट्यात स्थायिक झालो, तिथे दिल्लीची हद्द संपते आणि पंधरा-वीस मजली इमारतींची रांग सुरू होते. या इमारतींतील सदनिका विकल्या जात होत्या तेव्हा प्रत्येक जाहिरातपत्रिकेत निळ्या-हिरव्या कोर्टाचे चित्र असे. प्रत्यक्षात या कोर्टावर मी टेनिसपेक्षा दिवाळी मेळावे, देवीची जागरणे आणि वाढदिवसांचे मांडवच अधिक पाहिले आहेत.

कोर्टामागे उंच जाळी आहे. जाळीमागे एक गल्ली आणि गल्लीपलीकडे एकेरी विटांच्या व पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. आमच्या घरांतली धुणीभांडी करणारी, गाड्या पुसणारी, फाटकावर पहारा देणारी माणसे तिथे राहतात. त्यांची मुले संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळतात आणि खेळतात टेनिसच्याच चेंडूने. साऱ्या देशाची हीच रीत आहे. विलायती लॉनवर जन्मलेला हा चेंडू भारताच्या प्रत्येक गल्लीत पोहोचला. तो ज्या खेळासाठी जन्मला, तो खेळ मात्र जाळीच्या आत राहिला.

आमचा चेंडू बाहेर गेला की एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा तो आणून देत असे. एकदा त्याने विचारले, ‘‘अंकल, यात आउट कसे होतात?’’ मी त्याला गुणांची पद्धत समजावली: पंधरा, तीस, चाळीस. त्याने लगेच अडवले, ‘‘पंधरानंतर तीस, तर मग पंचेचाळीस का नाही?’’ इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाकडेही या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर नाही, हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले नसावे.

लॉन टेनिसचा इतिहास फार जुना नाही. मेजर वॉल्टर विंगफिल्ड याने १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये या खेळाचे पेटंट घेतले आणि जाळे, रॅकेट व चेंडू एका पेटीत घालून तो खेळ विकायला काढला. पेटीतला खेळ साम्राज्याच्या वाटांनी लवकरच इथल्या छावण्यांत आणि सिव्हिल लाइन्समध्ये पोहोचला. लाहोरला पंजाबच्या स्पर्धा १८८५ मध्ये सुरू झाल्या, कलकत्त्याला बंगालच्या स्पर्धा १८८७ मध्ये. पुढे घौस महंमद १९३९ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले, रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये उपांत्य फेरीत. खेळ भारतीय झाला, परंतु क्लबची भिंत काही पडली नाही. एवढेच की भिंतीच्या आत गरीब माणूस पहिल्यापासून होता. कोर्टावर रोलर ओढणारा, चुन्याच्या रेघा मारणारा, चेंडू वेचणारा मुलगा, आणि साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्यासमोर उभा राहणारा ‘मार्कर’. कित्येकदा क्लबमधला सर्वांत चांगला फटका याच मार्करचा असे. सदस्यांच्या यादीत त्याचे नाव नसे. नोकरीत असताना जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ऑफिसर्स क्लबांत मीही अशाच माणसांकडून बॅकहँड शिकलो. त्यांची मुले तो खेळ खेळतात का, हे विचारण्याचे मला तेव्हा कधी सुचले नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. नव्वदच्या दशकात एका शहराच्या विकास आराखड्यात ‘क्रीडांगण’ म्हणून राखलेला भूखंड क्लबला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची संचिका माझ्या टेबलावर आली होती. क्लब जागेची देखभाल करील, प्राधिकरणावर बोजा पडणार नाही, आणि ‘क्रीडा’ हा हेतूही साध्य होईल, अशी टिपणी खालून आली होती. मी तिच्यावर ‘सहमत’ असा शेरा मारून सही केली. कागदोपत्री त्यात काहीही गैर नव्हते. आज तिथे चार उत्तम कोर्ट आहेत आणि फाटकावर सदस्यत्वाचे कार्ड तपासले जाते. मुंबईत मोकळ्या जागा ‘दत्तक’ देण्याच्या धोरणावरून वेळोवेळी जे वादळ उठले, त्याच्या बातम्या वाचताना मला ती सही आठवते.

पाश्चात्य धोरणग्रंथांत ‘इनर सिटी’ हा शब्द येतो: शहराच्या पोटातली वंचित वस्ती. आपल्याकडे तो जसाच्या तसा बसत नाही. वजीर गाझीउद्दीनने १७४० मध्ये वसवलेले, वेशींच्या आतले जुने गाझियाबाद आजही दाटीवाटीचे आहे. पण खरी कोंडी नव्या शहराच्या सांदीकोपऱ्यांत आहे. दिल्ली, नोएडा आणि गाझियाबाद यांच्या सीमेवरचे खोडा घ्या. २०११च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ९० हजार माणसे मोजली गेली. महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांत एवढी वस्ती नाही. दोन हात लांब केले तर दोन्ही बाजूंच्या भिंती लागतात अशा गल्ल्या तिथे आहेत. पलीकडे साहिबाबादजवळ झंडापूर. सफदर हाश्मी १ जानेवारी १९८९ रोजी तिथे कामगारांसमोर पथनाट्य करत असताना त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. नाट्यगृह नसेल तर रस्त्यावर नाटक करता येते, हे त्या मंडळींनी जाणले होते. कोर्ट नसेल तर टेनिसचे काय, हा प्रश्न मला तिथून जाताना पडतो.

त्याचे एक उत्तर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिळाले होते. १९३०च्या दशकात तिथले काही रस्ते दिवसा वाहनांना बंद करून मुलांना खेळण्यासाठी दिले जात. अशाच एका रस्त्यावर अल्थिया गिब्सन ही मुलगी लाकडी फळीने ‘पॅडल टेनिस’ खेळायला शिकली आणि १९३९ मध्ये, बाराव्या वर्षी, शहराची विजेती ठरली. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला कृष्णवर्णीयांच्या एका टेनिस क्लबचे सदस्यत्व मिळवून दिले. १९५६ मध्ये तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली, १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डन. या कथेत सरकारचा वाटा एवढाच, की रस्त्यावरची वाहने काही तास थांबवली गेली. आपल्या राजधानी परिसरात गुरुग्रामने नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘राहगिरी’च्या निमित्ताने रविवार सकाळी रस्ते मोकळे करून पाहिले. म्हणजे पोलीस ते करू शकतात. फक्त ते सायकली घेऊन येणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांसाठी झाले तसे खोड्याच्या मुलांसाठीही व्हायला हवे.

भारतातले उदाहरण हवे असेल तर ते आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरला आहे, आणि त्याचा धागा महाराष्ट्रातून जातो. व्हिन्सेंट फेरर हे स्पॅनिश जेझुइट १९५२ मध्ये भारतात आले आणि मनमाड परिसरात शेतकऱ्यांबरोबर विहिरी खणण्याचे काम त्यांनी उभे केले. त्यांच्या वाढत्या प्रभावावरून वाद पेटला आणि १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्या बाजूने शेतकरी रस्त्यावर उतरले होते. १९६९ मध्ये ते परतले, पण मनमाडला नव्हे. देशातल्या अत्यंत दुष्काळी जिल्ह्यांपैकी एक असलेल्या अनंतपूरला, आणि तिथे त्यांनी रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन केला. फेरर २००९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी याच संस्थेच्या सहकार्याने राफेल नदालच्या प्रतिष्ठानने अनंतपूरला टेनिस शाळा उघडली. तिथे वंचित घरांतली मुले आणि मुली एकाच कोर्टावर खेळतात. टेनिसबरोबर इंग्रजी आणि संगणकाचे वर्ग असतात, आहाराकडेही लक्ष दिले जाते. जो माणूस महाराष्ट्राला नकोसा झाला, त्याच्या संस्थेच्या अंगणात ही मुले सर्व्हिस शिकतात. मनमाडला अशी शाळा झाली असती का, या प्रश्नाला अर्थ नाही हे मला ठाऊक आहे. तरी तो मनात येतोच.

अनंतपूरकडे जमीन होती आणि परदेशी पैसाही होता. गाझियाबादच्या वस्तीत दोन्ही नाही. पूर्ण आकाराचे कोर्ट, भोवतालच्या मोकळ्या जागेसह, सुमारे ६७० चौरस मीटर घेते. खोड्यात एवढी जागा मागणे म्हणजे कित्येक घरे मागणे. पण आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण कोर्ट लागतच नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये ‘प्ले अँड स्टे’ ही मोहीम सुरू केली आणि २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायला मनाई केली. सर्वांत लहानांसाठी लाल चेंडू असतो. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि कोर्ट साधारण ११ मीटर लांब व साडेपाच मीटर रुंद असते. म्हणजे ६० चौरस मीटर. सरकारी शाळेच्या पटांगणात, बारातघरासमोरच्या फरशीवर, पाण्याच्या टाकीखालच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर ते आखता येते. एका पूर्ण कोर्टावर अशी चार बसतात. खडू, दोरी आणि दोन खुंट एवढ्यात जाळे उभे राहते. रॅकेट मात्र विकतच आणावी लागते. इथून तासाभरावर मेरठ आहे. क्रीडासाहित्य हे त्या जिल्ह्याचे उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेतले उत्पादन आहे. मुलांच्या साध्या रॅकेटींची ठोक मागणी तिथल्या कारखानदारांकडे गेली तर ते ती नाकारतील, असे वाटत नाही.

कायद्याने आपले हात बांधलेले नाहीत. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे ही नागरी स्थानिक संस्थांच्या विषयांत स्पष्ट लिहिलेली आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाला पैसा देता येतो आणि टेनिस १९८८ पासून पुन्हा ऑलिम्पिक खेळ आहे. अडते ते कुलपाशी. शाळेचे पटांगण दुपारी दोननंतर बंद होते, कारण किल्लीची जबाबदारी कोणाची हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नसते. मुख्याध्यापकाला मी दोष देत नाही. मूल पडून हात मोडला तर नोटीस त्यालाच येणार. दुपारनंतरच्या किल्लीचा आणि जखमी मुलाच्या विम्याचा एक पानी आदेश निघाला, तर नव्या स्टेडियमच्या भूमिपूजनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. भूमिपूजनाचे छायाचित्र निघते, किल्लीचे निघत नाही.

माझे एक जुने सहकारी हे ऐकून हसले. ‘‘तिथे गटारे तुंबलेली आहेत आणि तुम्ही टेनिस नेताय. नेलेच काही, तर कबड्डी न्या. तिला मातीशिवाय काही लागत नाही.’’ हा आक्षेप हलका नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल निवडला तो काही उगाच नव्हे. एका चेंडूत वीस मुले खेळतात. टेनिसचा खर्च मुलाबरोबर वाढत जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये देशाचा अव्वल एकेरी खेळाडू सुमित नागल याने आपल्या बँक खात्यात जेमतेम ९०० युरो उरल्याचे सांगितले होते. झज्जरच्या शिक्षकाच्या या मुलाने चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित खेळाडूला हरवले. त्याची ही स्थिती, तर मोलकरणीच्या मुलीची काय? आर्थर अ‍ॅश स्वतः रिचमंडच्या सार्वजनिक मैदानावर खेळायला शिकला, १९६९ मध्ये शहरी गरीब मुलांसाठी टेनिसची चळवळ उभारणाऱ्यांत तो होता. त्यानेच १९७७ मध्ये कृष्णवर्णीय पालकांना जाहीर पत्र लिहून मुलांना ग्रंथालयात पाठवा, असे बजावले.

म्हणून विजेते घडवण्याची भाषा मला या कामात नकोशी वाटते. ती भाषा आली की निवड चाचणी येते, आणि पंधरा मुलांतली चौदा पुन्हा जाळीमागे जातात. टेनिस का, याचे माझे उत्तर साधे आहे. कबड्डी त्यांच्याकडे आहेच. जाळीच्या आत काय चालते ते रोज डोळ्यांसमोर दिसत असताना ‘हे तुमचे नाही’ असे आठव्या वर्षी शिकणे, याचा परिणाम खेळापुरता राहत नाही. शिवाय या खेळात अंगाला अंग लागत नाही, मुलगे-मुली एकत्र खेळू शकतात आणि वस्तीतल्या आयांना ही गोष्ट आपल्याला वाटते त्याहून महत्त्वाची वाटते.

गेल्या वर्षी संकुलाच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला: रविवारी सकाळी दोन तास कोर्ट वस्तीतल्या मुलांना द्यावे. देखभाल खर्च, सुरक्षा, पायंडा या तीन शब्दांभोवती पाऊण तास चर्चा झाली. सारे शब्द माझ्या ओळखीचे होते. मीच ते आयुष्यभर टिपण्यांत वापरले होते. ठराव पुढे ढकलला गेला. चिटणीसबाईंनी मात्र सभेनंतर मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘साहेब, जनरेटरच्या खोलीमागची फरशी कोणाच्याच वापरात नाही. तिथे खेळवा. ठराव लागणार नाही.’’

तिथे आम्ही खडूने दोन छोटी कोर्ट आखली. पहिल्या रविवारी चौदा मुले आली. आता नऊ येतात, त्यांत तीन मुली. सर्वांत चांगला हात ज्या मुलीचा होता ती दोन महिन्यांपासून दिसत नाही. तिच्या आईला सकाळचे आणखी एक घर मिळाले आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणीतरी हवे. भावालाही घेऊन ये, असा निरोप मी पाठवला आहे. पंचेचाळिसाचा प्रश्न विचारणारा मुलगा आता गुण मोजतो. तो पंधरा, तीस, पंचेचाळीस असेच मोजतो, आणि बाकीच्यांनी ते मान्य केले आहे.