सोबत राहण्याचं काम : सैन्यातला पाद्री, सिनेमा आणि संध्याकाळची एक धून

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. लोकप्रिय गाणी, सिनेमे आणि सैन्यातले धर्मगुरू, यांत ख्रिस्ती श्रद्धेचे धडे शोधायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

हा विषय यवतमाळात घ्यायला कारण आहे. १९५३ साली याच गावात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीला गेली. मधली तीस वर्षं देशाच्या कानाकोपऱ्यातले तरुण पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला इथे येत होते. फ्री मेथडिस्ट मंडळीचं काम तर जिल्ह्यात त्याच्याही आधीपासून आहे. तेव्हा ‘पाळक नेमकं करतो काय?’ हा प्रश्न या गावाला नवा नाही. आज आपण तोच प्रश्न चर्चच्या आवारातून बाहेर काढून छावणीत आणि पडद्यावर नेऊन बघू.

आधी शब्दापासून सुरुवात करू. सैन्यातल्या पाद्र्याला इंग्रजीत चॅप्लिन म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी एक झगा आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन सैनिक होता. फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीवर थंडीत कुडकुडणारा एक भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे मार्टिन संत म्हणून ओळखला गेला आणि त्याचा तो झगा फ्रँक राजांनी पवित्र वस्तू म्हणून जपला. झग्याला लॅटिनमध्ये ‘कापेला’ म्हणत; तो सांभाळणारे धर्मगुरू झाले ‘कापेलानी’. त्यावरूनच चॅप्लिन आणि चॅपेल हे दोन्ही शब्द आले. म्हणजे या पदाच्या नावातच थंडीत उभ्या असलेल्या माणसाला दिलेलं अर्धं पांघरूण आहे. प्रवचनाचा त्यात उल्लेखही नाही.

आता आपल्या सैन्याकडे वळू. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू असे धर्मगुरू असतात. त्यांचा हुद्दा कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्याचा, म्हणजे सुरुवातीला नायब सुभेदाराचा. पाद्र्यासाठी अट अशी, की त्याला अधिकृत दीक्षा मिळालेली असावी आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत त्याचं नाव असावं. या सगळ्या धर्मांच्या गुरूंचं प्रशिक्षण आपल्या पुण्यातच, राष्ट्रीय एकात्मता संस्थेत, एकत्र होतं.

त्यांच्या भरतीच्या जाहिरातीत कामांची यादी असते, ती मुद्दाम वाचावी. धर्मग्रंथ समजावून सांगणं आणि विधी करणं हे त्यात आहेच. पण पुढे काय आहे बघा : अंत्यसंस्काराला हजर राहणं, रुग्णालयात आजाऱ्यांना भेटणं, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना करणं, शिक्षा भोगत असलेल्या जवानांची भेट घेणं, मुलांना धार्मिक शिक्षण देणं, कुटुंबांच्या कल्याणाकडे लक्ष देणं. शिक्षा झालेल्या जवानाकडे त्याचे मित्रही जायला कचरतात. धर्मगुरूचं तिथे जाणं हे मात्र त्याचं नेमून दिलेलं काम आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचं चित्र रंगवतो, तिथेही आजाऱ्याची विचारपूस आणि कैद्याची भेट याच गोष्टी मोजल्या जातात. सरकारी जाहिरात आणि शुभवर्तमान इथे जवळजवळ एकाच यादीवर येतात, हे आम्हाला फार बोलकं वाटतं.

आता लोकप्रिय कलेकडे येऊ. मराठी ख्रिस्ती माणसाला हा रस्ता जुनाच आहे. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहिलं, कारण लोकांच्या कानाला ओवीची सवय होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार वापरले. त्यांची पदं आजही ‘उपासना संगीत’मधून रविवारी गायली जातात. लोक जे ऐकतात तिथे जायचं, ही त्यांची रीत.

पण एक सांभाळायला हवं. सिनेमात नायकाने दोन्ही हात पसरले की ‘बघा, हा क्रूस!’ म्हणणं सोपं असतं. ते ओढूनताणून आणलेलं असतं आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. म्हणून आम्ही तीन प्रश्न विचारतो. ही गोष्ट स्वतः काय म्हणते? प्रत्यक्षात काय घडलं होतं? आणि ती आपल्याला उद्या सकाळी काय करायला लावते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर धडा सापडलेला नाही असं समजावं.

पहिलं उदाहरण एका धुनेचं. २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात ‘बीटिंग द रिट्रीट’ होतं. संध्याकाळ झाली की बिगूल वाजायचा, लढाई थांबायची आणि सैन्य छावणीत परतायचं, अशी ही जुनी लष्करी प्रथा. त्या सोहळ्यात अनेक दशकं ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती गीताची धून वाजत असे. हेन्री फ्रान्सिस लाइट हा इंग्लंडमधल्या ब्रिक्सम या कोळ्यांच्या गावचा पाळक. क्षयाने खंगलेला असताना १८४७ मध्ये त्याने हे गीत लिहिलं आणि त्याच वर्षी तो वारला. आज वाजते ती चाल विल्यम हेन्री मंकची, १८६१ सालची. गांधीजींचं हे आवडतं गीत. ज्या सेवाग्रामात त्यांची सायंप्रार्थना होत असे, ते तर आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात.

या गीताचं मूळ लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. येशूला क्रूसावर दिल्यानंतर दोन शिष्य खचून अम्माऊस गावाकडे निघालेत. एक अनोळखी माणूस त्यांच्याबरोबर चालू लागतो. तो आधी विचारतो, मग ऐकतो, आणि त्यानंतर बोलतो. गाव जवळ आल्यावर तो पुढे जायला निघतो. दिवस कलला आहे, आमच्याकडे राहा, असा आग्रह ते दोघं करतात, तेव्हाच तो थांबतो. जेवताना तो भाकर मोडतो आणि त्यांना ओळख पटते की हा येशूच आहे. आमच्या मते छावणीतल्या पाद्र्याचं सगळं काम या एका प्रसंगात आलं : बरोबर चालायचं, ऐकायचं आणि बोलावल्याशिवाय घरात शिरायचं नाही.

ही धून २०२२ पासून त्या सोहळ्यातून वगळली गेली. त्या वर्षी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून वाजली. कवी प्रदीप यांचं हे गीत १९६२ च्या युद्धातल्या शहिदांसाठी होतं. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, आणि २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लतादीदींनी ते गायलं. अनेक ख्रिस्ती माणसांना धून गेल्याचं वाईट वाटलं आणि ते समजण्यासारखं आहे. पण नव्या गीतातही गेलेल्यांची आठवण ठेवा, हीच विनवणी आहे. आणि ‘सोबत राहा’ हा धडा काही वाद्यवृंदाच्या ताब्यात नव्हता. तो आपण जगलो नाही तर विजय चौकात धून वाजूनही उपयोग नव्हता.

दुसरं उदाहरण सिनेमाचं. ‘हॅकसॉ रिज’ हा २०१६ चा सिनेमा आपल्याकडच्या तरुणांनी मोबाईलवरही पाहिलाय. डेस्मंड डॉस हा सप्तमदिन ॲडव्हेंटिस्ट पंथाचा अमेरिकन तरुण. देशासाठी सैन्यात गेला, पण बंदूक हातात घेणार नाही म्हणाला. त्याला वैद्यकीय मदतनीसाचं काम मिळालं. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावर तुकडी मागे हटली तेव्हा हा जखमींबरोबर वर थांबला आणि एकेकाला दोराने खाली सोडत राहिला. वाचलेल्यांची संख्या वरिष्ठ शंभर धरत होते, तो म्हणे पन्नास. शेवटी ७५ वर तडजोड झाली. त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

आता आपला दुसरा प्रश्न लावा : प्रत्यक्षात काय घडलं? ओकिनावाच्या आधी डॉस ग्वाम आणि फिलिपिन्समध्ये लढाईच्या तोंडावर जखमींना सांभाळून आला होता. सिनेमाने तो भाग गाळला. त्यामुळे पडद्यावर सोबत्यांचा विश्वास जणू एका रात्रीत बसतो. खऱ्या आयुष्यात तो अनेक महिन्यांच्या सेवेतून जमत गेला. चमत्कारापेक्षा हा सावकाश जमलेला विश्वास आपल्या जास्त कामाचा आहे, कारण तो आपल्यालाही जमवता येतो.

तिसरी घटना पाद्र्यांचीच. ३ फेब्रुवारी १९४३ ला ग्रीनलंडजवळच्या बर्फाळ समुद्रात ‘डॉर्चेस्टर’ या अमेरिकन जहाजावर पाणतीर आदळला. जहाजावर नऊशेच्या वर माणसं होती. त्यांत चार धर्मगुरू होते : दोन प्रॉटेस्टंट, एक कॅथलिक आणि एक ज्यू. जीवरक्षक जाकिटं संपली तेव्हा चौघांनी आपापली काढून दिली आणि ते बुडत्या जहाजावर प्रार्थना करत उभे राहिले. जाकीट देताना समोरच्याचा धर्म कोणी विचारला नाही.

पण विवेकाचे सगळेच प्रश्न इतके सरळ सुटत नाहीत. आपल्या सैन्यातलंच ताजं प्रकरण घ्या. शीख जवानांच्या तुकडीवरचा एक ख्रिस्ती अधिकारी रेजिमेंटच्या धार्मिक संचलनाला जवानांबरोबर जायचा, पण पूजेच्या वेळी गाभाऱ्यात शिरायला श्रद्धेच्या कारणाने त्याने नकार दिला. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती कारवाई कायम ठेवली. मुद्दा वरिष्ठांच्या कायदेशीर आदेशाचा आहे, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. आमच्यातही यावर दोन मतं आहेत. जवानांबरोबर त्यांच्या श्रद्धास्थानी शेवटपर्यंत जाणं हा सोबतीचा भाग आहे, असं काही म्हणतात. श्रद्धेला एक उंबरठा असतो आणि उंबरठ्याबाहेर उभं राहूनही आदर करता येतो, असं दुसरे म्हणतात. कायद्याचा निकाल लागलाय. मनाचा निकाल प्रत्येकाला स्वतः लावावा लागेल. एवढं मात्र दिसतं, की सोबत राहणं हे गोड शब्दात संपणारं काम नाही. त्याची किंमत कुठे आणि किती, हे आधी माहीत नसतं.

आता तिसरा प्रश्न : उद्या सकाळी काय? आपल्या जिल्ह्याचं नाव बाहेर निघतं ते कापसाने आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी. अशा घरी पहिले काही दिवस गर्दी असते. नेते येतात, कॅमेरे येतात. तेरवी होते आणि अंगण रिकामं होतं. मग ती बाई, दोन लेकरं, सातबारा आणि बँकेची नोटीस एवढंच उरतं. जवानाच्या घरीही फार वेगळं नसतं. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते, घोषणा होतात. मग पेन्शनच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या एकटीने चढायच्या असतात.

छावणीतल्या पाद्र्याचं काम आपल्याला इथे करता येतं, त्यासाठी गणवेश लागत नाही. तेरवीनंतर पंधरा दिवसांनी जा. फार बोलू नका. तिला बँकेत जायचं असेल तर बरोबर जा, अर्ज भरायचा असेल तर शेजारी बसा. कोणी जीव नकोसा झाल्यासारखं बोलत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरकडे न्या, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावून द्या. सोबत करणाऱ्याने स्वतःच डॉक्टर व्हायचं नसतं. आणि एक पथ्य पाळा. धर्म बदलवण्याचा हेतू मनात धरून दुःखी घरी गेलात तर तो सौदा होतो, आणि समोरच्याला तो लगेच कळतो. अम्माऊसच्या वाटेवरचा माणूससुद्धा बोलावल्याशिवाय आत शिरला नव्हता.

हे काम फक्त ख्रिस्ती माणसाचं आहे असं आम्ही म्हणत नाही. पुण्यात पंडित, मौलवी, ग्रंथी, भिक्खू आणि पाद्री एकत्र शिकतात, कारण रुग्णालयातल्या खाटेशेजारी सगळ्यांना एकच काम करायचं असतं. आपल्या ओळखीत असं एखादं घर असेल, जिथली तेरवी महिन्यापूर्वी झाली, तर या आठवड्यात तिथे एक चक्कर मारा.