लंडनचे पत्र : हप्ते मिळतात, माफी नाही

मार्चएंडला नगरच्या कापड बाजारात जी धांदल असते, ती ब्रिटनमध्ये ३१ जानेवारीला. प्लंबर, सुतार, टॅक्सीवाले, घरी शिकवण्या घेणाऱ्या बायका अशा सगळ्या स्वयंरोजगारवाल्यांचा कर त्या दिवशी भरायचा असतो. नोकरदाराचा कर पगारातूनच कापला जातो. धंदेवाल्याचा पैसा मात्र वर्षभर त्याच्याच हातात खेळतो, आणि तिथेच घात होतो.

नवा माणूस तर पहिल्याच जानेवारीत कोंडीत सापडतो. कर हजार पौंडांवर गेला की सहसा मागच्या वर्षाचा पूर्ण कर आणि चालू वर्षापोटी त्याच्या निम्मी रक्कम आगाऊ मागतात. तेवढीच आणखी जुलैअखेर. म्हणजे ४,००० पौंडांची तयारी ठेवलेल्याला जानेवारीत ६,००० भरायचे असतात. धंदा चांगला झाला म्हणूनच हा बिचारा अडकतो!

अशा वेळी एचएमआरसी, म्हणजे इथले महसूल खाते, ‘टाइम टू पे’खाली हप्ते बांधून देते. विवरणपत्र भरलेले हवे, देणे ३०,००० पौंडांपर्यंत हवे आणि मुदत उलटून ६० दिवस झालेले नसावेत. मग घरबसल्या संगणकावर बारा महिन्यांपर्यंतचे हप्ते ठरतात, साहेबाला भेटावे लागत नाही. यात न बसणाऱ्याने फोन करायचा. घरखर्च विचारतात आणि तो वजा जाता उरलेल्या पैशांतले साधारण निम्म्याहून जास्त मागत नाहीत.

व्याज मात्र सुटत नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर चार टक्के. तीस दिवसांनी बसणारा पाच टक्के दंड तेवढा वेळेत हप्ते ठरवल्यास टळतो. हप्ता चुकवला तर करार मोडू शकतो आणि वसुलीवाले दारात येतात. करोनात सरकारने स्वयंरोजगारवाल्यांना थेट अनुदानही दिले होते, पण तो अपवाद.

आपली रीत उलटी. जीएसटीपूर्व थकबाकीसाठी महाराष्ट्राने २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये अभय योजना आणल्या. घरपट्टीच्या शास्तीतही महापालिका अधूनमधून सूट देते. थांबणाऱ्याचा फायदा होतो आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. मला ब्रिटनची पद्धत अधिक न्याय्य वाटते.

हप्ते आपल्या कायद्यातही आहेत, फक्त दार अरुंद आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नसल्याने नगरच्या छोट्या व्यापाऱ्याला खरी धास्ती जीएसटीची. त्या कायद्याच्या कलम ८० खाली २४ पर्यंत मासिक हप्ते मिळू शकतात, व्याजासह. पण स्वतः विवरणपत्रात दाखवलेल्या कराला ही सोय नाही आणि २५ हजारांखालच्या रकमेलाही नाही. म्हणजे ज्याला तिची सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर. नगरच्या व्यापारी संघटनांनी माफीऐवजी आधी या दोन्ही अटी काढण्याची मागणी लावून धरावी.

मागणीचा आदेश हाती पडला असेल आणि रक्कम एकदम निघत नसेल, तर पुढच्या अभय योजनेची वाट पाहू नका. कर सल्लागाराला डीआरसी-२० या नमुन्यात हप्त्यांचा अर्ज करायला सांगा.